फोटोबाहेरच्या पुऱ्या

सुमन, तू भरिताच्या विरोधात नव्हतीस. हे मी सगळ्यात आधी लिहून टाकते. कारण परवा तुझ्या गंधमुक्तीच्या पंगतीत, तुझ्याच तेराव्याचं जेवण जेवता जेवता, पारोळ्याकडचा एक लांबचा पाहुणा शेजारच्याला म्हणाला, "हीच ना ती, भरितावर लिहिलं होतं जिनं?" शेजारच्याने मान डोलावली. "हां, तीच. पण स्वभावाने चांगली होती."

मी वाढत होते. गुडघे नको म्हणत होते तरी वाढत होते, आणि हातात वरणाची बादली होती. त्या बादलीचं मी काय काय करू शकले असते हे तुला सांगायला नको. पण तेरावा तुझा होता, म्हणून वरण त्याच्या पानातच वाढलं.

लोक म्हणतात अक्का रडत नाही, अक्काला धक्का बसलाय. धक्का नाही बसला, मला राग आलाय. तेरा दिवस दारावर भेटायला येणारी एकेक बाई पदर तोंडाला लावून म्हणायची, "अहेव गेली माय, नशीब काढलं." नवऱ्याच्या आधी गेलीस, कुंकू घेऊन गेलीस, म्हणून नशीबवान. आणि हे कोणाला सांगायच्या, तर मला, जिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. म्हणजे माझं नशीब काय ते मी आपलं समजून घ्यायचं. तू असतीस तर आत जाऊन कपाट उघडून त्याच्या दाराआड हसली असतीस. मी तुझ्या कपाटापर्यंत गेलेसुद्धा एकदा. मग परत फिरले.

चाळीस वर्षं आपण एका घराच्या सुना. मी थोरली, चौथी पास. तू धाकटी, बी. ए. होऊन धुळ्याहून आलेली, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करणारी. आपल्या सासूबाई म्हणायच्या, हिला पुस्तकांचा वास येतो. वास यायचाच, कारण तुझ्या पिशवीत भाजीखाली कायम एक पुस्तक असायचं. त्यातलं एक तू वर्तमानपत्राचं कव्हर घालून माझ्यापुढे ठेवलंस आणि म्हणालीस, "अक्का, वीस पानं वाचा. नाही आवडलं तर मेथी निवडा." मी म्हटलं, "मेथी तर निवडायचीच आहे, आवडलं तरी." तू म्हणालीस, "तेच तर या पुस्तकात आहे."

त्या पुस्तकाची वीस पानं वाचायला मला आठवडा लागला. कळलं फार थोडं. शब्दच असे की दाताखाली खडा यावा. मग मी तुला सरळ विचारलं, "हे पुरुषसत्ता पुरुषसत्ता काय लावलंय गं? म्हणजे सगळे पुरुष वाईट का?"

"नाना वाईट होते का अक्का?"

नाना म्हणजे आपले सासरे. मी म्हटलं, "नाना देवमाणूस."

"मग नानांच्या आधी या घरात कुठली बाई जेवली?"

मी आठवून बघितलं. "कोणीच नाही."

"नानांनी सांगितलं होतं, माझ्या आधी जेवू नका म्हणून?"

"कधीच नाही. उलट म्हणायचे, बसा गं, बसा गं."

"मग कोणी सांगितलं होतं?"

माझा मेथी निवडायचा हात थांबला. तू म्हणालीस, "सांगत कोणी नाही आणि ऐकतात सगळे. त्याला ते नाव आहे, अक्का. ते नानांचं नाव नाही."

बस, एवढंच. मला, चौथी पास बाईला, एका मेथीच्या जुडीत कळलं ते. आणि आपल्या मधल्या दिरांचा निलेश, एवढा शिकलेला इंजिनियर, त्याला तीन वर्षं मोबाइलवर तू जीव तोडून सांगत होतीस तरी कळलं नाही. कळलं नाही म्हणणंही खोटं आहे. त्याला कळून घ्यायचंच नव्हतं. वाचायच्या आधीच त्याचं उत्तर तयार असायचं.

तो आपल्या कुटुंबाच्या ग्रुपचा चालक. जळगाव, धुळे, चाळीसगाव, पुणे, जिथे जिथे आपली माणसं तिथपर्यंत तो ग्रुप. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी कोणाचा तरी वाढदिवस, आणि संध्याकाळी निलेशचा तुला एखादा चिमटा. "काकू एसटीने अर्ध्या तिकिटात माहेरी जातात, मग समानता कुठे राहिली?" "काकू, समानता हवी तर केळीचे घड वाहा डोक्यावर." तू त्यालाही उत्तर द्यायचीस. कापूस वेचून घरी जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर संध्याकाळी काय असतं ते एकदा शेताच्या बांधावर उभं राहून बघ, असं लिहिलंस. त्यावर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली चार तोंडं आली. भाऊजींनी, तुझ्या नवऱ्याने, मात्र तुझ्या प्रत्येक लिहिण्याला अंगठा दिला. एकही वाचलं नाही, पण अंगठा चुकवला नाही. भला माणूस. आत्ता तो अंगठा कुठे द्यायचा ते कळत नाही म्हणून दिवसभर तुझा फोन हातात घेऊन बसतो.

मी म्हणायचे, "कसाले बोलस गं इतलं? भिंतीशी डोकं फोडतेस." तू म्हणायचीस, "अक्का, ग्रुपवर लिहितात चौघं, वाचतात चाळीस. मी त्या गप्प बसलेल्यांसाठी लिहिते."

त्या गप्प बसलेल्यांत मीही होते, हे तू म्हणाली नाहीस. कधीच म्हणाली नाहीस.

यंदाच्या थंडीत मळ्यात भरिताचा बेत झाला तेव्हाचं सगळं आता तेरा दिवस माझ्या डोक्यात फिरतंय. साठ माणसं जमली होती. पुरुषांनी कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, त्यात वांगी टाकली, काळी झाल्यावर बाहेर काढली, लाकडी उखळीत ठेचली. गाणी म्हणत ठेचली. चव तर अशी की केळीच्या पानावरून बोट उचलवेना. ते नाकारत कोण होतं? तू तर दोनदा मागून घेतलंस.

निलेशने संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकला. बाह्या सरसावलेले अकरा पुरुष, मध्ये जाळ. खाली लिहिलं, "आमच्या खान्देशात स्वयंपाक पुरुष करतात. स्त्रीवाद्यांनी डोळे उघडून बघावं."

तू डोळे उघडूनच बघितलं होतंस. तू लिहिलंस ते मी वहीत उतरवून ठेवलंय, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की अक्का आपल्या मनचं सांगते. तू लिहिलंस: "फोटो छान आहे. भरीत त्याहून छान झालं होतं, भाजणाऱ्यांच्या हाताला चव आहे. आता फोटोबाहेर काय होतं ते सांगते. पहाटे पाचपासून आम्ही लसूण सोलला, मिरच्या निवडल्या, कांद्याची पात चिरली, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ मळलं आणि साठ जणांच्या पुऱ्या लाटून तळल्या. जेवणं झाल्यावर गुरांच्या हौदावर भांडी घासली, बोटं वाकडी होईपर्यंत. हे कोणी वाईट आहे म्हणून झालं नाही. ज्या कामाचा सण होतो ते काम दिसतं, रोजचं असतं ते दिसत नाही. आणि यात आम्ही मोठ्या बायकाही आलो. त्या दिवशी एका सुनेच्या अंगात ताप होता, तरी आम्ही तिला पोळपाटापुढे बसवलं. आम्हाला कोणा पुरुषाने सांगितलं नव्हतं."

आता यात भरिताला काय म्हटलंय, ते मला कोणी काढून दाखवावं. मी चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्ही तऱ्हेने वाचलंय.

पण कोणीतरी घरातल्याच भल्या माणसाने त्याचा फोटो काढून फेसबुकच्या कुठल्याशा पानावर टाकला आणि वर लिहिलं, "भरितालाही विरोध! आता हेच राहिलं होतं." मग काय विचारतेस. जणू तू जाऊन सगळ्या खान्देशच्या वांग्यांवर औषध मारून आलीस. वरणगावचा कोणी एक लिहितो, खान्देशची बदनामी थांबवा. दुसरा लिहितो, बाई धुळ्याची आहे, तिला जळगावचं भरीत काय कळणार. झालं, त्याच्या खाली धुळ्याचे उठले. आमच्याकडे काय वांगी होत नाहीत का, तुम्ही तेल आधी घालता की नंतर, शेंगदाणे भाजून की तळून. पन्नास-साठ माणसं तिथे शेंगदाण्यांवर भांडत होती, सुमन. लसूण सोलणारी बाई त्यात कुठे गेली ते कोणी शोधलंसुद्धा नाही. एक शिकलासवरला वाटणारा लिहून गेला की हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे. तू त्याला एका ओळीत विचारलंस, "पुऱ्या पाश्चात्त्य होत्या का?" आणि एकाने आपल्या अहिराणीत लिहिलं, "ह्या बाईले भरीतनी इतली चीड कसाले शे?" त्याला मी मनातल्या मनात उत्तर दिलं, तिले चीड भरीतनी नही शे भाऊ, तुन्ही शे. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "नाही हो अक्का, त्याचीही नाही." बरं. मग माझी समज. मला त्याची चीड आहे.

सगळ्यात वाईट केलं ते तुझ्या शेवटच्या दोन वाक्यांचं. आम्ही मोठ्या बायकांनी तापातल्या सुनेला बसवलं, हे तू जीव जड करून लिहिलं होतंस. त्यावर सगळे तुटून पडले. बघा, ती स्वतःच म्हणते. बाईच बाईची वैरीण. पुरुषांचा यात काय संबंध, तुमचं तुम्ही बघा. तू त्यांना समजावत राहिलीस. घाण्याला जुंपलेल्या बैलाने दुसऱ्या बैलाला ढुशी दिली, म्हणून घाणा बैलांनी बांधला असं होतं का, असंही विचारलंस. उत्तर म्हणून कोणीतरी बैलाचा फोटो टाकला.

मग निलेशने ग्रुपवर लिहिलं, "काकू, कोणालाही ताप नव्हता. उगाच काहीतरी रचू नका."

आणि तू लिहिलंस, "अक्कांना विचारा. त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या."

इथे मला जरा थांबू दे.

मी फोन हातात घेऊन बसले होते. ग्रुपवर चाळीस जण. अक्का लिहितेय, असं वर दिसत असणार, कारण मी तीनदा लिहायला घेतलं. मला माहीत होतं की ताप होता. वैशालीला, निलेशच्याच बायकोला. तिच्या हाताला हात लागला तेव्हा तवा लागावा तसा चटका बसला होता मला. आणि तिला पोळपाटापुढे बसवणारी मी होते. "बस गं, चार पुऱ्या लाटल्याने कोणी मरत नाही, आम्ही ओल्या बाळंतिणी असताना लाटल्यात," हे माझे शब्द. तू शेजारी होतीस. तू ऐकलंस. आणि ते सगळ्यांसमोर लिहिलंस.

माझं नाव घेतलं नव्हतंस. "आम्ही" म्हणाली होतीस. पण मला त्यात फक्त मी दिसले. मला वाटलं, मेथी निवडता निवडता जिला शिकवलं तिलाच हिने उदाहरणाला धरलं. पुस्तकातली खलनायिका केली माझी. राग आला. खोटं बोलवेना आणि खरं लिहवेना. म्हणून मी जोडलेले हात टाकले. ते बटण सगळ्यात वर असतं ना, नेहमीचं. टाकलं आणि फोन उपडा ठेवला.

परत सुलटा केला तेव्हा निलेशने लिहिलेलं होतं, "अक्कांनी हात जोडले. आता तरी थांबा काकू." खाली आणखी सात जणांचे हात. त्याखाली वैशालीचं, "काकू मला काही त्रास नव्हता, मी आनंदाने केलं." आणि त्याखाली बारीक अक्षरात, तू ग्रुप सोडल्याचं.

चार दिवसांनी तू घरी आलीस. मला वाटलं होतं येणार नाहीस. हातात कुळथाची पिशवी, चेहरा नेहमीसारखा. माझ्या गुडघ्याचं विचारलंस, तेल बदलून बघा म्हणालीस, भाऊजींच्या खोकल्याचं सांगितलंस. आणि मध्येच, पिशवीची गाठ सोडता सोडता, म्हणालीस, "अक्का, मी तुम्हाला नव्हतं म्हटलं. आम्हाला म्हटलं होतं. पीठ तिच्यापुढे मीच सरकवलं होतं ना."

मी म्हणाले, "चहा ठेवू का?"

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ठेवा."

त्यानंतर तीन महिने तू येत होतीस, मी येत होते. ही गोष्ट पुन्हा निघाली नाही. आणि चैत्राचं ऊन सुरू होताना तू तीन दिवसांत गेलीस. दवाखान्याच्या त्या काचेतून तू दिसत होतीस, पण बोलण्यासारखी उरली नव्हतीस. माझं बोलणं तोंडातच राहिलं.

आता ऐक पुढे काय झालं ते. तुझ्या नवव्या दिवशी निलेशने ग्रुपवर तुझा हार घातलेला फोटो टाकला, आणि गंधमुक्तीला दारात लावायच्या मोठ्या बॅनरवर काय छापायचं ते लिहिलं. "स्त्रीवादी विचारांच्या असूनही काकूंनी घर एकसंध ठेवलं. बाईच बाईची वैरीण असते, हे परखड सत्य त्यांनी निर्भीडपणे मांडलं." खाली नमस्कारच नमस्कार. सुंदर शब्द, निलेश. डोळे पाणावले, निलेश.

माझेही पाणावले, पण संतापाने. जिवंतपणी ज्या वाक्याशी तू बैलासकट भांडलीस, तेच वाक्य तुझ्या हार घातलेल्या फोटोखाली. आणि ते वाचून येणारे-जाणारे म्हणणार, बघा, शेवटी तिलाही पटलं होतं.

मी निलेशला फोन केला. "ते काढ."

"काय काढू अक्का?"

"वैरिणीचं. आणि वरचं घर एकसंध ठेवल्याचंही. घर ठेवायला ती काही खुंटा नव्हती."

"अक्का, कौतुकच केलंय मी. आणि वाक्य काकूंचंच आहे, सगळ्यांनी वाचलंय."

"तिचं नाही ते. तुमचं आहे. तिने लिहिलं होतं की आम्हीही यात आहोत. तुम्ही वाचलंत की ह्याच आहेत."

"त्यात काय फरक आहे?"

"तुला खरंच कळत नाही का रे?"

वाईट मुलगा नाही तो, तुझ्या दवाखान्यात तिन्ही दिवस तोच होता. मग हळूच म्हणाला, "अक्का, तेव्हा तुम्हीच हात जोडले होते. मला वाटलं तुम्हाला आमचंच पटलंय. आज काकू गेल्यावर तुम्ही असं बोलता."

सुमन, फेसबुकवरच्या त्या शेंगदाणेवाल्यांना मी मनात हजार शिव्या दिल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, एका व्यवस्थेबद्दल बोललं की ह्यांना आपल्या बापाला कोणी शिवी दिल्यासारखं का वाटतं, असं मी म्हणत होते. आणि मी काय वेगळं केलं होतं? तू घाण्याबद्दल लिहिलंस, मी माझ्या शिंगांना हात लावून बघत बसले. त्यांची चूक आणि माझी चूक एकच. फरक एवढाच की त्यांना नानांची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. मला सांगितली होती.

मी जेवण झाल्यावर ओसरीत बसून लिहायला घेतलं. तासभर लागला. कोणाकडून तपासून घेतलं नाही, म्हणजे नंतर कोणी म्हणू नये की हिला कोणी शिकवलं. लिहिलं ते असं: "त्या दिवशी ताप वैशालीला होता. तिला पुऱ्या लाटायला मी बसवलं. मीच. मला कोणी पुरुषाने सांगितलं नव्हतं आणि मीही तिची वैरीण नव्हते. मला कोणी कधी उठ म्हटलं नव्हतं, म्हणून मी तिला उठ म्हटलं नाही. सुमनने हेच लिहिलं होतं. मी तेव्हा हात जोडले ते तिच्या चुकीसाठी नव्हते, माझी लाज झाकायला होते. ते बॅनर लागलं तर मी गंधमुक्तीला येणार नाही."

पाठवलं. एकेकाने वाचल्याच्या निळ्या खुणा येत गेल्या. चाळीस जणांनी वाचलं. मग चाळीसगावच्या आबांनी लिहिलं, "अक्का, दुःखाच्या प्रसंगी हे नको होतं." आणि त्याखाली कोणीतरी, नाव सांगत नाही, जोडलेले हात टाकले. ते हात बघितले आणि मला पहिल्यांदा कळलं, त्या दिवशी माझे हात तुला कसे दिसले असतील. उत्तर मागावं आणि समोरच्याने दार लावून घ्यावं, तसे दिसतात ते.

निलेशने मजकूर काढला. "पटलं नाही, पण वाद नको," असं सांगूनच काढला. बॅनरवर नुसता तुझा फोटो आणि नाव लागलं. फोटोत तू भर उन्हात डोळे बारीक करून कोणावर तरी हसतेयस. तो चांगला निवडला त्याने, एवढं म्हणेन.

गंधमुक्तीच्या दिवशी मागच्या अंगणात वैशाली पत्रावळी मोजत होती. मी जाऊन शेजारी बसले. मीही मोजायला घेतल्या.

"किती होता गं ताप?" मी विचारलं.

"एकशे दोन."

"मग आनंदाने केलं असं का लिहिलंस?"

तिने पत्रावळी मांडीवर ठेवल्या. "हे समोरच बसले होते. तरी मी थांबले होते अक्का. तुम्ही लिहीत होता, वर दिसत होतं. म्हटलं अक्का लिहितील, मग मी लिहीन. तर तुमचे हात आले."

ती उठताना म्हणाली, "तुम्ही बोलला असता तर मीही बोलले असते. काकू एकट्या नसत्या पडल्या." आणि आवाज चढवला नाही, रागावली नाही, पत्रावळी उचलून पंगतीकडे गेली. त्यानंतर मी वरणाची बादली उचलली. बसून राहवेना.

म्हणून सांगते, माझा राग अजून उतरलेला नाही. त्या पाहुण्यावर नाही, तो बिचारा भरीतच लक्षात ठेवणार. माझ्यावर तर आहेच. पण सुमन, तुझ्यावरही आहे, आणि तो मी गिळणार नाही. वरणगावच्या त्या अनोळखी माणसाला तू चार चार वेळा समजावलंस. बैलाचा फोटो टाकणाऱ्याला समजावलंस. निलेशला तीन वर्षं समजावलंस. आणि मला एकदा म्हणालीस, एकदाच, आणि मी चहाचं विचारल्यावर "ठेवा" म्हणालीस. मला का सोडलंस? म्हातारी म्हणून? थोरली जाऊ म्हणून? वय बघून माफ करायचं असतं, हे कोणी सांगितलं होतं तुला? कोणी सांगितलं नव्हतं ना? मग ऐकलंस का?

बघ, तुझंच शस्त्र आहे. धार तूच लावून दिलीस.

आणि वाद अजून संपलेला नाही. तुझं सगळं मी मान्य केलं असं समजू नकोस. त्या पहाटे आपण पंधरा-सोळा बायका चुलीभोवती होतो. लसणाने बोटं झोंबत होती आणि कोणीतरी आपल्या नवऱ्याची चालण्याची नक्कल केली, त्यावर आपण असे हसलो की तुझ्या हातातली पुरी फाटली. तू सगळ्यांत जास्त हसत होतीस. तापातली वैशालीसुद्धा हसली होती. ते हसणं कुठलं होतं? तेही कोणी न सांगता झालेलंच होतं. ते घाण्याचं होतं की आपलं होतं? तुझ्या लिहिण्यात लसूण आहे, भांडी आहेत, वाकडी झालेली बोटं आहेत, ते हसणं नाही. ते तू का सोडलंस? लिहिलं असतंस तर, "बघा, बायका खुशीतच होत्या," असं म्हणतील या भीतीने? मग त्या शेंगदाणेवाल्यांच्या भीतीने तूही अर्धंच लिहिलंस की नाही?

हा माझा प्रश्न आहे. पाठ केलेला नाही, कुठल्या पुस्तकातला नाही, माझा मी काढलेला. तुला आवडला असता. तू पिशवी खाली ठेवली असतीस, "थांबा अक्का," म्हणाली असतीस आणि पदर खोचून बसली असतीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला तुझ्याशी नीट भांडता येतंय, सुमन, आणि तू नाहीस.